अडलेले मूल

घरातल्या लहान मुलाला गोवर निघाला, तर ती बातमी कोणी लपवीत नाही. शेजारीण दारात येऊन विचारपूस करते, परगावची आत्या काय द्यावे आणि काय टाळावे ते कळविते, वडील कचेरीतून लवकर निघतात. तेच मूल भर बाजारात जमिनीवर लोळू लागले, किंवा पाहुण्यांच्या मुलाला कडकडून चावले, की मंडळी घराचे दार लावून घेतात. तापलेल्या मुलाची कीव येते. चावणाऱ्या मुलाची लाज वाटते. वास्तविक दोन्ही वेळा मूल सारखेच असहाय असते. तापाला मोजण्याचे साधन घरात असते आणि या दुसऱ्या दुखण्याला तसले काही साधनच नाही, अशी आपली समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हे पाहावयाचे आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. घर कल्पनेतले आहे. परंतु ते ओळखीचे वाटले तर नवल नाही. चार वर्षांचा मुलगा, आई, रात्रपाळी करणारे वडील आणि आजी. मुलगा दिवसातून चार-पाच वेळा असा काही चिडतो की कपाळ भिंतीवर आपटून घेतो. नव्या सदऱ्याची शिवण टोचते म्हणून तो अंगावरून ओरबाडून काढतो. कमाठी बागेत आगगाडीत बसविले तर आनंदाने बसतो. पण फेरी संपल्यावर उतरण्याची वेळ आली की अर्धा तास आकांत करतो आणि जाणारे-येणारे थांबून पाहतात. बालवर्गातून दोनदा निरोप आला आहे, "याला थोडे दिवस घरीच ठेवा." शेजारच्या गुजराती बेन त्याला हसून 'तोफानी' म्हणतात. त्या शब्दात माया आहे. आईला मात्र अलीकडे तो शब्द ऐकवत नाही.

मग या घरात काय होते? जे सर्व घरांत होते तेच. आजी म्हणतात, "सूनबाई, तुम्ही त्याला फार लाडावून ठेवलेत." सूनबाईंच्या मनात असते की लाड आजींनीच केले. वडिलांच्या मते दोन रट्टे बसले असते तर इतकी वेळ आली नसती. दृष्ट काढून झालेली असते, दंडाला दोरा बांधून झालेला असतो. दृष्ट काढल्याने मुलाचे काही बिघडत नाही, हे खरे. पण दृष्टी आणि दोरे यांतच दोन वर्षे निघून गेली तर पुष्कळ बिघडते. लहानपणीची दोन वर्षे मोठेपणीच्या दोन वर्षांएवढी नसतात.

येथे एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. दीड वर्षापासून साधारण चार वर्षांपर्यंत हट्ट, रडणे आणि लोळण घेणे हा वाढीचाच भाग आहे. या वयात इच्छा भराभर वाढतात आणि शब्द मागे पडतात. हवे ते सांगता येत नाही आणि हवे ते मिळतही नाही. मग सारे अंगच बोलू लागते. तेव्हा प्रत्येक हट्टी मुलाला वैद्याकडे नेण्याचे कारण नाही. परंतु मूल स्वतःला इजा करून घेऊ लागले, त्याचे आकांत वयाबरोबर कमी होण्याऐवजी वाढू लागले, किंवा घर, शाळा आणि शेजार या तिन्ही ठिकाणी तीच तऱ्हा दिसू लागली, तर 'मोठा झाला की सुटेल' या आशेवर बसून राहू नये.

'ऐकत नाही' या दोन शब्दांत आपल्या भाषेने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. मूल आज्ञा पाळीत नाही, हाही त्यांचा अर्थ. आणि मुलाच्या कानावर आवाज पोहोचत नाही, हाही त्यांचाच अर्थ. कित्येक घरांत पहिल्या अर्थाने तक्रार चाललेली असते आणि खरा असतो दुसरा. कानात वारंवार पू होणारे मूल अर्धेच ऐकते, अर्धेच समजते आणि 'उद्धट' ठरते. वाढलेल्या टॉन्सिलमुळे रात्रभर घोरणारे मूल दिवसा चिडचिडे व चंचल होते. मधूनच क्षणभर शून्यात पाहणाऱ्या मुलाला 'लक्ष नाही' म्हणून चापट बसते. वस्तुतः ती अपस्माराची सौम्य जात असू शकते. म्हणून स्वभावाचा निवाडा करण्यापूर्वी कान, झोप आणि रक्त यांची तपासणी व्हावी, हा साधा नियम आहे.

बडोद्यात आणखी एका गैरसमजाची भर पडते. घरात मराठी, जिन्याखाली गुजराती, शाळेत इंग्रजी. त्यामुळे मुलाचे बोलणे लांबले, असे सर्रास सांगतात आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते. परंतु दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्यामुळे वाणीचा दोष उत्पन्न होतो, याला शास्त्राचा आधार नाही. अशा मुलाचे शब्द मोजताना सर्व भाषांचे मिळून मोजावयाचे. 'पाणी' मराठीत, 'आवजो' गुजरातीत आणि 'बॉल' इंग्रजीत, तर ते तीन शब्द झाले. दोन वर्षांचे होऊनही मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडीत नसेल, वर्षाचे होऊन नावाने हाक मारली तरी वळून पाहत नसेल, किंवा येत असलेले शब्द गमावून बसले असेल, तर दोष भाषांवर ढकलून वाट पाहणे हे मुलाचे नुकसान करणे होय.

मुलाची वाढ मोजण्याचे साधन नाही, ही समजूत बाळगण्याचा अधिकार बडोदेकरांना तर सर्वांत कमी आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या कुलगुरू होत्या. पुढच्याच वर्षी गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. मुली स्वयंपाक-शिवण शिकावयास विद्यापीठात जाणार, म्हणून त्या काळी तिची थोडी थट्टाही झाली असेल! पण त्या शाखेत बालविकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि मुलांना पाहून शिकता यावे म्हणून त्याला जोडून चेतन बालवाडी चालविण्यात आली. मूल कसे खेळते, कोणाजवळ बसते, कशाने रडते, हे शिकाऊ विद्यार्थिनींनी नुसते पाहावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. मुलाविषयी मत देण्याआधी मुलाकडे पाहावे लागते, ही गोष्ट तेथे अभ्यासक्रमाचा भाग झाली.

याच विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी एक चिकाटीचे काम केले. तान्ह्या मुलाने कधी मान धरावी, कधी आवाजाकडे वळावे, कधी ठोकळ्यावर ठोकळा ठेवावा, याच्या कसोट्या अमेरिकेत नॅन्सी बेली या विदुषींनी तयार केल्या होत्या. पण अमेरिकेतल्या बाळाची फूटपट्टी बडोद्याच्या बाळाला लावावी कशी? फाटकबाईंनी एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतच्या भारतीय बालकांची वाढ पद्धतशीर नोंदविली. १९७० साली त्या कामाचा अहवाल निघाला आणि 'बडोदा प्रमाणके' या नावाने ती मापे देशभर ओळखली जाऊ लागली. त्यांच्या सुधारलेल्या रूपात हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी आहेत. एवढी लांब तपासणी गर्दीच्या दवाखान्यात होणे कठीण; म्हणून १९९१ मध्ये ५४ बाबींची एक आटोपशीर चाळणीही प्रसिद्ध झाली. केरळात वापरावयाचा १७ बाबींचा तक्ताही याच मापांवरून तयार झाला. आज मुंबईत किंवा त्रिवेंद्रमला एखादे डॉक्टर बाळापुढे लाल ठोकळा धरतात, तेव्हा त्यांच्या हातात बडोद्याचे थोडेसे काही असते. शहरातल्या किती मराठी घरांना हे माहीत आहे?

ही मापे अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांची आहेत. आपल्या कल्पनेतला मुलगा चार वर्षांचा. त्याला ती जशीच्या तशी लागणार नाहीत. पण त्यांच्यामागची पद्धत लागते, आणि ती अगदी साधी आहे. एक वही घ्यावी. पानावर तीन रकाने पाडावेत. पहिल्यात आकांताच्या आधी काय घडले, दुसऱ्यात मुलाने नेमके काय केले, तिसऱ्यात त्यानंतर घरातल्यांनी काय केले. 'खूप त्रास दिला' असे लिहावयाचे नाही. 'सात वाजून दहा मिनिटांनी कपाळ तीन वेळा आपटले' असे लिहावयाचे. विशेषणांना त्या वहीत थारा नाही. अशी वही दोन आठवडे ठेवली तर बहुधा घरच चकित होते.

आपल्या घरातली वही काय सांगेल? बहुतेक सारे आकांत संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून दुपारभर मुलाला गप्प ठेवावे लागते. गप्प ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे हातात मोबाईल. सहाला वडील उठले की तो काढून घ्यावयाचा, तोही आधी न सांगता. त्याच वेळी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात आणि मूल कानांवर हात ठेवते. जेवण नऊला, झोप अकराला, आणि सकाळी शाळेसाठी साडेसहाला उठवावयाचे. म्हणजे साडेसात तासांची झोप! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी १० ते १३ तासांची झोप आणि पडद्यासमोर फार तर एक तास, असे प्रमाण सांगितले आहे. या मुलाचे गणित नेमके उलटे चालले आहे. सहा वाजता जो मुलगा भिंतीवर डोके आपटतो, तो भुकेला, झोपेला आलेला आणि आवाजाने कावलेला असतो.

तिसरा रकाना त्याहून बोलका. चार दिवस आई मोबाईल देत नाही. पाचव्या दिवशी पाहुणे बसलेले असतात म्हणून पाच मिनिटांसाठी देते. तिच्या दृष्टीने हा अपवाद झाला. मुलाच्या दृष्टीने हा धडा झाला, की पुरेसा वेळ ओरडले तर मोबाईल मिळतो. नेहमी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारे बक्षीसच सवय अधिक घट्ट करते, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले आहे. मटक्याच्या अड्ड्यावर बसणाऱ्यांना ते प्रयोगावाचूनही ठाऊक असते. म्हणून जे द्यावयाचे नाही ते घरातल्या कोणीच देऊ नये, आजींनी पदराआडून गोळीही देऊ नये. आणि जे द्यावयाचे ते मूल शांत असताना, रडण्याआधी द्यावे. एक इशाराही हवा. हा नियम सुरू केला की पहिले काही दिवस आकांत कमी न होता वाढतो. इतके दिवस उघडणारे दार आज का उघडत नाही, म्हणून मूल ते अधिक जोराने ठोठावते. नेमके याच टप्प्यावर बहुतेक घरे धीर सोडतात आणि मग 'हे उपाय आपल्याकडे चालत नाहीत' असे म्हणतात. अर्थात मूल डोके आपटीत असताना पाठ फिरवून बसावे, असा याचा अर्थ नव्हे. डोक्याखाली उशी सरकवावी, जवळ बसावे, बोलू नये, रागावू नये आणि मागितलेली वस्तूही देऊ नये. त्या वेळी केलेला उपदेश मुलाच्या कानात शिरत नाही. भिजणाऱ्याला छत्री कशी धरावी ते पावसात शिकवीत नाहीत.

जेवण सातला आणले, कुकर दुपारीच लावून ठेवला, मोबाईल काढून घेण्याआधी 'आता एकच गाणे, मग बंद' असे रोज त्याच शब्दांत सांगितले आणि दिवसातून पंधरा मिनिटे आईने किंवा वडिलांनी काही न शिकविता मुलाच्या खेळात त्याच्या मर्जीने भाग घेतला, तर या घरातले निम्मे आकांत ओसरतील. या पंधरा मिनिटांचे महत्त्व वडिलांना पटविणे सर्वांत अवघड. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला ती चैन वाटते. पण ज्या मुलाला दिवसभर फक्त 'नको', 'उठ', 'थांब' हेच ऐकू येते, त्याने आपल्याकडे पाहावे तरी कशासाठी?

निम्मे ओसरतील, सारे नव्हेत. कारण त्याच वहीत आईच्या हाताने आणखी काही लिहिले गेलेले असते: मोटारी चालवीत नाही, नुसत्या ओळीने लावतो, हवे ते बोटाने दाखवीत नाही, माणसाचा हात धरून तेथवर नेतो, इतर मुलांत जात नाही. या नोंदी जेवणाची वेळ बदलून जाणाऱ्या नाहीत. हे स्वमग्नतेचे लक्षण असू शकते, नसूही शकते. ते ठरविणे शेजाऱ्यांचे काम नव्हे, आणि शाळेचेही नव्हे.

स्वमग्नतेचा इतिहास आयांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे पाश्चात्त्य देशांत मोठमोठे विद्वान सांगत राहिले की आईच्या मायेत ओलावा नसला की मूल असे होते. मूल दुःखी, त्यात आई आरोपी. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी या मताला उघड आव्हान दिले; ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. पुढे १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून या अवस्थेचे मूळ फार मोठ्या प्रमाणात अनुवंशात आहे, असे दिसून आले. आईला दोषी ठरविणारा तो सिद्धांत शास्त्राने केव्हाच टाकून दिला. दांडिया बाजारातल्या त्या घरात मात्र तो अजून रोज संध्याकाळी मांडला जातो.

मारण्याविषयी थोडे. मार दिल्याने मूल तत्काळ गप्प होते, यात शंका नाही, आणि म्हणूनच मार हा फसवा उपाय आहे. गप्प झालेले मूल शिकलेले नसते; ज्याला शब्द सापडत नाहीत त्याला हात उगारणे हाच शब्द असतो, एवढेच ते शिकते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत उच्चारून दाखविते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले आणि पुढे ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या, तेव्हापासून गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत हे सांगितले जात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. घरासाठी तसे कलम नाही.

आणि आईचे काय? अशा मुलाची आई हळूहळू लग्नकार्याला जाणे सोडते, भिशीला जाणे सोडते, माहेरी जाणे लांबविते. दिवसा हात उगारते आणि रात्री झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून हात फिरवीत रडते. तिची झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, मुलाला घेऊन जीव द्यावा असे विचार येत असतील, तर मुलाआधी तिला डॉक्टरांकडे नेले पाहिजे, आणि हे काम पतीचे आहे. शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

मुलांच्या मनाचा दवाखाना ही आपल्याकडे अगदी नवी गोष्ट आहे, असेही नाही. मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र काढले होते. आज बडोद्यात सयाजी रुग्णालयात बालरोग आणि मानसरोग हे दोन्ही विभाग आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते आणि गरज दिसल्यास त्यांना जिल्ह्याच्या बालविकास केंद्राकडे धाडले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता या दोहोंचा समावेश झाला असून त्याचे प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्राला पुष्कळ घरे बिचकतात, पुढे मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणूनसुद्धा. पण त्या कागदाने मूल बदलत नाही. सवलती तेवढ्या मिळतात.

डॉक्टर पहिल्याच भेटीत गोळ्या देतील, ही भीतीही निराधार आहे. सहा वर्षांखालील अतिचंचल मुलांना औषधाआधी पालकांनाच वागणुकीचे शिक्षण द्यावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. वाणीसाठी वाक्‌उपचार असतात, स्पर्श व आवाज यांच्या त्रासासाठी वेगळे व्यायाम असतात. त्यांना महिने लागतात, कधी वर्षे.

पहिल्या भेटीला जाताना तीन रकान्यांची वही बरोबर न्यावी. घरातल्या आकांताचे एक-दोन मिनिटांचे चित्रण मोबाईलवर असेल तर तेही दाखवावे, कारण डॉक्टरांसमोर मूल बहुधा शहाण्यासारखे बसते आणि आईच खोटी पडते. जन्माच्या वेळचे कागद, लसींचे पुस्तक आणि शाळेतील बाईंनी लिहून दिलेल्या चार ओळी हव्यात. शक्य तर आजींनाही न्यावे; त्यांना मुलाच्या बापाचे लहानपण आठवत असते आणि डॉक्टर ते हमखास विचारतात. मुलाला निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालावे, आदल्या दिवशी 'उद्या आपण कोठे जाणार' ते सांगून ठेवावे आणि ओळीने लावावयाच्या त्या मोटारी पिशवीत घालाव्यात. रुग्णालयातली रांग लांब असते.